भागाकार शिकवणारी पदवी

२०२३ या एका वर्षात जगभरात ४८ लाख मुलं वयाची पाच वर्षं पूर्ण होण्याआधी दगावली. हा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा. ४८ लाख हा आकडा वाचला की ‘फार झाले’ एवढंच मनात येतं आणि नजर पुढच्या ओळीवर जाते. आता त्याला ३६५ ने भागा. रोज तेरा हजारांहून अधिक. चोवीसने भागा. तासाला साधारण साडेपाचशे. असंच भागत गेलं तर उत्तर येतं: दर साडेसहा सेकंदांना एक मूल.

हाच हिशेब १९९० सालासाठी करून पाहा. त्या वर्षी १ कोटी २८ लाख मुलं गेली होती. रोज पस्तीस हजार, दर अडीच सेकंदांना एक. मधल्या तेहतीस वर्षांत जगाची लोकसंख्या सव्वापाचशे कोटींवरून आठशे कोटींच्या पुढे गेली आणि तरीही बालमृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. १९९० शी तुलना केली तर आज रोज बावीस हजार मृत्यू कमी होतात. आपल्या हयातीत घडलेली याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती घडवणाऱ्यांत सरकारं होती, डॉक्टर होते, गावोगाव फिरणाऱ्या बायका होत्या आणि भागाकार शिकलेली माणसंही होती.

आंतरराष्ट्रीय विकासाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: प्रचंड आकड्याला योग्य संख्येने भागायचं शिक्षण. अंश सगळ्यांना दिसतो, वर्तमानपत्रात तोच छापून येतो. छेद कोणता घ्यायचा, तो कुणी मोजला, त्यातून कोण सुटलं, हे कळायला अभ्यास लागतो.

या अभ्यासाची केंद्रं जगात मोजकीच, पण जुनी आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र विद्यालय १९१६ साली स्थापन झालं. नेदरलँड्समध्ये हेग इथे सामाजिक अभ्यासाची संस्था १९५२ मध्ये उभी राहिली, तर इंग्लंडच्या ससेक्समधली विकास अभ्यास संस्था १९६६ मध्ये. हार्वर्डच्या केनेडी स्कूलने १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय विकासाला वाहिलेली लोकप्रशासनाची दोन वर्षांची पदवी सुरू केली. आपल्याकडे पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची, आणि ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा १९७९ ची. अभ्यासक्रमांची नावं निरनिराळी असली तरी गाभा बराचसा सारखा: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, योजनांचं मूल्यमापन, अंदाजपत्रक, आणि जिथे काम करायचं त्या प्रदेशाची ओळख.

आपल्याकडचा पहिला मोठा भागाकार मात्र यातली कुठलीही संस्था नव्हती तेव्हा मुंबईत मांडला गेला. दादाभाई नौरोजी एके काळी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १८७६ मध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. ब्रिटिश अमलाखालच्या प्रांतांचं एकूण वार्षिक उत्पादन त्यांनी पिकापिकाने, प्रांताप्रांताने जमवत नेलं आणि ते ३४ कोटी पौंड धरलं. लोकसंख्या १७ कोटी. उत्तर आलं माणशी दोन पौंड, त्या काळचे वीस रुपये, आणि तेही वर्षाला. मग दादाभाईंनी हे वीस रुपये तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करत असलेल्या खर्चाशेजारी ठेवले. कैद्याचा खर्च जास्त निघाला. साम्राज्य भारताला समृद्ध करतं आहे, या दाव्याला त्यांनी सरकारच्याच कागदांतून उत्तर दिलं होतं.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दुसरा भागाकार मांडला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायला किती पैसे लागतात? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. एवढाही खर्च करू न शकणारे लोक खेड्यांत ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के निघाले. देशाच्या गरिबीची चर्चा त्यानंतर कायम या मापाभोवती फिरत राहिली.

गरिबीची रेघ किती ताकदवान असते याचा अनुभव जगाला जून २०२५ मध्ये पुन्हा आला. जागतिक बँकेने अतिगरिबीची रेघ दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हे डॉलर बाजारात बदलून मिळणारे नव्हेत. त्या त्या देशातल्या भावांनुसार केलेल्या हिशेबाचे ते डॉलर असतात, आणि त्या हिशेबाने भारतात ३ डॉलर म्हणजे दिवसाला साठ रुपयांच्या आसपास. रेघ सरकली आणि २०२२ सालासाठीची जगातल्या अतिगरिबांची संख्या ७१ कोटींवरून जवळपास ८४ कोटींवर गेली. साडेबारा कोटी माणसं म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राहूनही मोठा समूह. यातल्या एकाच्याही ताटातलं अन्न त्या दिवशी कमी झालं नव्हतं. त्याच वेळी भारताच्या खर्च-सर्वेक्षणाचे नवे, जास्त बारकाईने प्रश्न विचारून मिळवलेले आकडे हिशेबात आले आणि भारतातल्या गरिबांची संख्या खाली आली. ती आली नसती तर जगाची वाढ आणखी मोठी दिसली असती. गणकाने घरात शिरून कोणता प्रश्न कसा विचारला, यावर कोट्यवधी माणसं रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातात.

देशाच्या श्रीमंतीचंही तसंच. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाच्या सांख्यिकी विभागाने राष्ट्रीय उत्पन्नाचं पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणलं. १९९० मध्ये ज्यांचं अस्तित्व नगण्य होतं ते मोबाइल आणि चित्रपटाचे धंदे पहिल्यांदा नीट मोजले गेले. अर्थव्यवस्थेचा आकार एका घोषणेत ८९ टक्क्यांनी वाढून ५१ हजार कोटी डॉलरवर गेला, आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरली. लोक तेच, रस्ते तेच, विजेचे खांबही तेच. या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी हे समजून घ्यायला हवं. आकडा मोठा आहे एवढ्याने तो खरा होत नाही, आणि तो बदलला म्हणून कुणी लबाडी केली असंही होत नाही. तो कसा तयार झाला, हे विचारायची सवय लागणं हीच खरी शिकवण.

आता मदतीचा आकडा घेऊ. श्रीमंत देशांनी २०२४ मध्ये विकासासाठी दिलेली अधिकृत मदत होती सुमारे २१,२०० कोटी डॉलर. डोळे दिपवणारी रक्कम. जगातल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ६७० कोटींच्या आसपास माणसं राहतात. भागाकार केला तर माणशी वर्षाला ३२ डॉलरही पडत नाहीत. दिवसाला नऊ सेंट, म्हणजे साडेसात रुपयांच्या आसपास. त्यातलाही एक भाग देणाऱ्या देशांमध्येच, तिथे आलेल्या निर्वासितांवर खर्च होतो. त्याच वर्षी जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार कोटी डॉलरच्या पुढे होता. म्हणजे जग वर्षभरात जेवढी मदत देतं तेवढा पैसा लष्करांवर चार आठवड्यांत खर्च होतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये प्रत्यक्षात दिली गेली ०.३३ टक्के, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड बंदच केली.

दिवसाला साडेसात रुपयांत जग बदलायचं असेल तर प्रत्येक पैशाचा भागाकार चोख हवा. उदयपूर जिल्ह्यातला एक प्रयोग या बाबतीत फार शिकवून जातो. सेवा मंदिर ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी १३४ गावं निवडली. काही गावं नेहमीच्या सरकारी व्यवस्थेवर सोडली. काहींमध्ये दर महिन्याला न चुकता लसीकरणाचं शिबिर भरवलं. आणखी काहींमध्ये शिबिराला आलेल्या आईला प्रत्येक वेळी एक किलो डाळ दिली, आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच. नेहमीच्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं निघाली ६ टक्के, नियमित शिबिरांच्या गावांत १८ टक्के, आणि डाळ दिलेल्या गावांत ३९ टक्के.

डाळीला पैसे लागतात, तेव्हा खर्च वाढला असणार असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागचा खर्च ५६ डॉलरवरून २८ वर आला. परिचारिकेचा दिवसाचा पगार, गाडीचं पेट्रोल, बर्फाची पेटी हा खर्च दहा मुलं आली तरी तेवढाच आणि तीस आली तरी तेवढाच. डाळीने मुलं वाढली, छेद मोठा झाला आणि भागाकार निम्म्यावर आला. ‘फुकट देऊन लोकांना सवय लागते’ या मतावर वर्षानुवर्षं वाद घालता येतो. इथे तो वाद तराजूवर ठेवून पाहिला गेला. बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच पद्धतीच्या कामासाठी.

मात्र १३४ गावांत जे जमलं ते लाखो गावांत नेणं ही निराळी विद्या आहे. तिचा सर्वांत मोठा धडा बांगलादेशाने घालून दिला. १९७१ च्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातलं आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या. पाण्यात कालवून ते पाणी रोग्याला पाजायचं काम त्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

पुडी सापडली, पण ती घराघरात कशी पोहोचवायची? फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने पुडीऐवजी कृती पोहोचवायचं ठरवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. प्रत्येक आईसमोर बसून त्यांनी ते पाणी तिच्याच हाताने बनवून घेतलं. या कामाची मेख पगारात होती. काही आठवड्यांनी दुसरी माणसं त्यातल्या काही घरांत जाऊन आईला काय आठवतं ते विचारत, तिने बनवलेलं पाणी तपासत, आणि त्यावरून शिकवणारीचा मोबदला ठरे. किती घरं केली याला किंमत नव्हती, आईला किती कळलं याला होती. सव्वा कोटी घरांच्या योजनेत एकेक आई मोजली जात होती.

महाराष्ट्राचा या विद्येशी असलेला संबंध फार जवळचा आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा केला तो मसुरीत जन्मलेले डॉ. कार्ल टेलर यांनी. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. पुढे अभय आणि राणी बंग यांनी १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधूनच सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली.

गडचिरोलीत ती पदवी कशी वापरली गेली हे जवळून पाहण्यासारखं आहे. तान्ह्या मुलाला न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास वाढतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेतले तर धोका, त्याहून मोठ्या बाळाने पन्नास घेतले तर धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक साधं उपकरण तयार झालं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे पाहायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बोटांवर दहापर्यंत मोजणाऱ्या बाईच्या हाती निदान आलं. संख्याशास्त्राचा संपूर्ण अभ्यासक्रम तिथे मोजक्या मण्यांत उतरला होता असं मला वाटतं.

त्याच पायावर नवजात बाळांचा प्रयोग उभा राहिला. ३९ गावांत गावातलीच शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविक देणं, हे सगळं ती घरी जाऊन करू लागली. शेजारच्या ४७ गावांत फक्त मोजणी झाली. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हजार जन्मांमागे २५ नवजात दगावले आणि तुलनेच्या गावांत ६० च्या घरात. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या गावांत वर्षाला जेमतेम हजारभर बाळं जन्मत होती. मृत्यूंची नोंद थोडी जरी ढिली असती तरी त्या छोट्या आकड्यांतून काहीच सिद्ध झालं नसतं. घरोघर जाऊन प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला गेला, म्हणून ३९ गावांचं म्हणणं जगाला ऐकावं लागलं.

२०११ मध्ये भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्यांकडे दिलं. आशा आहेत सुमारे दहा लाख. त्या वर्षाला एक कोटीहून अधिक नवजात बाळांच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला दीड महिन्यात सहा भेटी. एक कोटी बाळं, सहा कोटी भेटी. रात्रंदिवस धरून दर सेकंदाला जवळपास दोन. देशातलं नवजात मृत्यूचं प्रमाण २०११ मध्ये हजारी ३१ होतं, ते २०२१ मध्ये १९ वर आलं. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नवजात कक्ष उघडले, रस्ते झाले, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. दर सेकंदाच्या या दोन भेटींचाही आहे.

आता एक भागाकार असा, की जो मांडताना मला त्रास होतो. सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला एका बाळामागे मिळतात २५० रुपये. भागिले सहा, म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. दुसरीकडे, अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात या विषयाची दोन वर्षांची पदवी घ्यायची तर शुल्क आणि राहणं-खाणं मिळून खर्च सहज एक कोटी रुपयांच्या पुढे जातो. एक कोटीला २५० ने भागा. चाळीस हजार बाळांच्या घरभेटींचं मानधन एका पदवीत मावतं.

म्हणून ही पदवी वाया गेलेला पैसा आहे, असं मी म्हणणार नाही. बंग दांपत्याच्या पदवीला त्यांच्या कामामुळे ज्यांच्या घरी आशा पोहोचली त्या बाळांच्या संख्येने भागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पैसाही येणार नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, एकूण ४१४ पौंड. सार्वजनिक तिजोरीतून झालेल्या त्या खर्चाचा छेद कोट्यवधींचा निघाला आणि तो अजून वाढतोच आहे. आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी सगळ्या विषयांसाठी मिळून दिली जाते. २०११ च्या जनगणनेत राज्यातली अनुसूचित जातींची लोकसंख्या होती १ कोटी ३३ लाख. पावणेदोन लाख माणसांमागे वर्षाला एक विद्यार्थी. या जागा वाढायला हव्यात, आणि गेलेल्या प्रत्येकाला आपल्या पाठीशी ही पावणेदोन लाख माणसं आहेत हे ठाऊक हवं.

विकासाच्या क्षेत्रात जायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. विद्यापीठाची क्रमवारी पाहा, शिकवणारे पाहा, पण तिथे आकडे कसे गोळा होतात हे शिकवतात का, आणि ते गोळा करायला तुम्हाला गावात, वस्तीत पाठवतात का, हे आधी विचारा. खर्चाचा एकूण आकडा कागदावर लिहा, त्याखाली रेघ मारा, आणि रेघेखाली कुणाला आणायचं हे स्वतःशी ठरवा. ते ठरलं असेल तर कर्ज काढूनही जा; ठरलं नसेल तर एखादं वर्ष गावात काम करा आणि मग अर्ज भरा.